नाफ्प्लिओ: तीन रात्रींची सहल कशी आखायची

ग्रीसला जायचं ठरलं की यादीत अथेन्स आणि सांतोरिनी आधीच लिहून झालेलं असतं. मधले दोन-तीन दिवस कुठे घालवायचे, एवढाच प्रश्न उरतो. माझं उत्तर नाफ्प्लिओ. अथेन्सपासून रस्त्याने साधारण 140 किलोमीटरवर, पेलोपोनीज द्वीपकल्पात, आर्गोलिक आखाताच्या काठी हे जुनं बंदर आहे. अथेन्सच्या आधी स्वतंत्र ग्रीसची राजधानी इथे होती. गावाला तीन किल्ले आहेत: एक डोंगरावर, एक टेकाडावर आणि एक पाण्यात. मायसीनी, तिरिन्स आणि एपिडॉरस ही तिन्ही प्राचीन ठिकाणं तासाभराच्या आत येतात. इथे यायला जहाज लागत नाही की देशांतर्गत विमान लागत नाही, साधी बस पुरते.

अथेन्सहून एका दिवसात मायसीनी, एपिडॉरस आणि नाफ्प्लिओ असं तिन्ही उरकून रात्री परत आणणाऱ्या सहली भरपूर मिळतात. त्यांत नाफ्प्लिओच्या वाट्याला जेवणाची सुट्टी आणि एक आइस्क्रीम येतं. हे गाव खुलतं ते सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर, आणि त्या दोन्ही वेळी सहलीची बस रस्त्यावर असते. म्हणून इथे तीन रात्री काढा, नाहीच जमलं तर दोन. हाताशी एकच रात्र असेल तर मायसीनीचा मोह सोडा आणि गाव नीट बघा.

आधी महिना ठरवा, मग वार

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि पुढे सप्टेंबर-ऑक्टोबर हे उत्तम दिवस. शाळेची मे महिन्याची सुट्टी यात बरोबर बसते, हा आपल्याकडच्या कुटुंबांचा मोठाच फायदा. आर्गोसच्या मैदानात मैलोन् मैल संत्र्याच्या बागा आहेत. वसंतात त्या फुलतात तेव्हा बसमधून उतरल्या उतरल्या वास येतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीकडे जातो आणि किल्ल्यांवर, भग्नावशेषांत सावली नावाला नसते. उष्णतेची लाट आली तर पुरातत्त्व स्थळं भर दुपारी काही तास बंदही ठेवतात. त्या महिन्यांत जायचंच असेल तर बारा ते पाच ही वेळ समुद्राला आणि झोपेला देऊन टाका.

हिवाळ्यात गर्दी नसते आणि खोल्या स्वस्त मिळतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी स्थळांना प्रवेश मोफत असतो. पण पाऊस येऊन-जाऊन असतो आणि बहुतेक स्थळं दुपारी तीन-साडेतीनलाच बंद होतात. उन्हाळ्यात हीच स्थळं संध्याकाळपर्यंत उघडी असतात. सकाळी दहाला आरामात नाश्ता करणाऱ्यांनी हिवाळ्याच्या वाटेला जाऊ नये.

वाराकडे मात्र लोक बघतच नाहीत. नाफ्प्लिओ हे अथेन्सकरांचं शनिवार-रविवारचं लाडकं गाव आहे. शुक्रवारी संध्याकाळपासून गाड्यांची रीघ लागते, खोल्यांचे भाव चढतात आणि चांगल्या खानावळीत टेबल मिळत नाही. सोमवारी पोहोचून गुरुवारी निघालात तर तेच गाव निवांत भेटतं. फक्त पुराणवस्तू संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी आहे, ते निघण्याआधी बघून त्याप्रमाणे दिवस फिरवून घ्या.

ग्रीक ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरहून बहुतेकदा वेगळी येते. 2027 मध्ये आपल्याकडे छापलेला ईस्टर 28 मार्चला आहे आणि ग्रीसमधला 2 मे रोजी. त्या आठवड्यात अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो. मिरवणुका आणि मेणबत्त्यांचा तो सोहळा बघण्यासारखा आहे, पण खोली काही महिने आधी ठरवा आणि स्थळांच्या सुट्ट्या तपासा.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. आखातात किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी तिथूनच अर्ज करायचा. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलं तरी भारतीय पासपोर्टवाल्याची यातून सुटका नाही. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी अर्ज करता येतो. पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका, उन्हाळ्यात व्हिसा केंद्राची वेळ मिळतानाच नाकी नऊ येतात. मोठ्यांसाठी शुल्क 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 45, त्याहून लहानांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला असावा आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा असावा.

ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. इटली पाच रात्री आणि ग्रीस चार असा बेत असेल तर अर्ज इटलीकडे जाईल. दिवसागणिक मुक्कामाचा तक्ता जोडताना नाफ्प्लिओच्या रात्रींचंही आरक्षण दाखवा. मधल्या तीन रात्री कोऱ्या ठेवून अर्ज देऊ नका. आरक्षण अर्थातच फुकट रद्द करता येईल असं घ्यावं.

अथेन्सहून नाफ्प्लिओ

इथे एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: नाफ्प्लिओला रेल्वे नाही. पूर्वी होती. जुनं स्टेशन आणि डब्यांसकट इंजिन आज गावातल्या बागेत उभं दिसेल, पण तिथे गाडी येत नाही. नकाशावर रूळ बघून बेत आखू नका.

बसेस केटेल नावाच्या. प्रत्येक जिल्ह्याची केटेल वेगळी. तुम्हाला लागते ती आर्गोलिदाची, आणि ती सुटते अथेन्सच्या किफिसोस बसस्थानकावरून. अथेन्समध्ये मोठी बसस्थानकं दोन आहेत. टॅक्सीत बसताना नुसतं 'बस स्टेशन' न म्हणता 'केटेल किफिसू' म्हणा. किफिसोस मेट्रोला लागून नाही. विमानतळावरून थेट यायचं तर एक्स 93 क्रमांकाची बस तिथे आणून सोडते. तिला तास तरी लागतो, वाहतूक तुंबली तर जास्तच. नाफ्प्लिओपर्यंतचा पुढचा प्रवास दोन ते अडीच तासांचा.

तिकीट ऑनलाइन काढता येतं. सोमवार ते गुरुवार आयत्या वेळी खिडकीवरही मिळतं. शुक्रवारी दुपारची आणि रविवारी संध्याकाळची बस मात्र आधी काढून ठेवा. मोठी बॅग पोटातल्या कप्प्यात जाते. पाण्याची बाटली आणि अंगावर घ्यायला काहीतरी हाताशी ठेवा, कारण एसी सढळ हाताने लावलेला असतो. वाटेत कोरिंथचा कालवा लागतो. 1893 मध्ये खुला झालेला, कड्यासारख्या उभ्या कापलेल्या भिंतींचा हा सहा किलोमीटरचा चर. बसमधून तो दोन-तीन सेकंदच दिसतो, म्हणून कॅमेऱ्याच्या नादी न लागता डोळ्यांनी बघा.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. गाड्या उजव्या बाजूने चालतात. गिअर आपोआप पडणारी गाडी हवी असेल तर लवकर सांगावी लागते, तिथे हातगिअरच्याच जास्त. महामार्गावर टोलनाके एकामागोमाग एक येतात. दोघंच असाल तर गाडीची गरज नाही. चौघं-पाच जण असाल, त्यात आई-बाबा किंवा लहान मूल असेल, तर मायसीनी-एपिडॉरसच्या दिवसापुरती गाडी नाफ्प्लिओतच घेणं सोयीचं पडतं. जुन्या गावात गाडी घालायचा विचारही करू नका. बंदराकाठी मोठा वाहनतळ आहे, तिथे ती सोडा.

खोली शोधताना हेच गाव नाफ्प्लिओ, नाफ्प्लिओन आणि नॉप्लिया अशा वेगवेगळ्या नावांनी दिसेल. तिन्ही एकच.

खोली कुठे घ्यायची

नकाशा उघडला की एक चोचीसारखं टोक पश्चिमेकडे समुद्रात घुसलेलं दिसतं. त्याच्या पाठीवर अक्रोनाफ्प्लिआ हा जुना किल्ला आहे आणि त्याच्या उत्तर उतारावर बंदरापर्यंत जुनं गाव पसरलंय. राहायचं तर इथेच. नव्या गावात पैसे वाचतात, पण संध्याकाळी दहा वेळा पायपीट होते आणि सहलीची मजा निम्मी होते.

जुन्या गावातही दोन भाग आहेत. खालच्या सपाट गल्ल्या, म्हणजे सिंदाग्मा चौक आणि स्ताइकोपूलू रस्त्याच्या आसपास, तिथे सगळं हाताशी असतं, पण खानावळींचा गलका रात्री बारापर्यंत चालतो. वरच्या उतारावरची घरं शांत, बाल्कनीतून आखात दिसतं, आणि तिथवर जायला दगडी पायऱ्या. चाकांची बॅग त्या पायऱ्यांवर ओढून बघा म्हणजे कळेल. खोली ठरवताना मालकाला दोनच प्रश्न विचारा: रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती आणि आत लिफ्ट आहे का. जुन्या वेनेशियन-नवअभिजात घरांत लिफ्ट नसणं हाच नियम. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर दृश्य विसरा आणि खालची खोली घ्या.

केटेलचा थांबा जुन्या गावाला लागूनच आहे. टॅक्सी फक्त सामान जड असेल तरच लागेल.

पहिली संध्याकाळ: गाव

पोहोचलात, बॅगा टाकल्या, तोंड धुतलं की थेट सिंदाग्मा चौकात जा. सिंदाग्मा म्हणजे राज्यघटना. चौकाला संगमरवरी फरशी आहे. संध्याकाळी पोरं तिच्यावर फुटबॉल खेळतात आणि आजोबा कॉफीच्या पेल्यामागून त्यांना दटावतात. पश्चिमेची लांबलचक तीन मजली दगडी इमारत हे वेनेशियनांनी 1713 मध्ये बांधलेलं कोठार, आज पुराणवस्तू संग्रहालय. चौकाच्या दुसऱ्या टोकाला एक जुनी मशीद आहे, जिचं पुढे त्रिआनोन नावाचं चित्रपटगृह झालं. जवळच दुसरी मशीद आहे, तिच्यात तुर्कांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ग्रीसची पहिली संसद भरली. वेनिस, तुर्क, बव्हेरियाहून आलेला राजा आणि ग्रीक, सगळ्यांनी एकमेकांच्या इमारती वापरून घेतलेल्या. गावाचा इतिहास कळायला एवढा चौक पुरे.

मग सेंट स्पिरिडॉनचं चर्च शोधा. ते लहान आहे आणि वरच्या गल्लीत आहे, सहज चुकतं. इओआनिस कापोडिस्ट्रियास हा ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख. त्याआधी तो रशियाच्या झारचा परराष्ट्रमंत्री होता. 1828 मध्ये तो इथे आला, मोडक्या देशाची घडी बसवायला लागला आणि मानी प्रांतातल्या मावरोमिहालिस घराण्याच्या प्रमुखाला त्याने तुरुंगात टाकलं. 9 ऑक्टोबर 1831 रोजी सकाळी प्रार्थनेसाठी चर्चच्या दारात पोहोचताच त्याच घराण्यातल्या दोघांनी त्याला ठार केलं. दाराशेजारच्या भिंतीवर गोळीची खूण काचेखाली जपून ठेवली आहे. बोटभर खळगा, बाकी काही नाही. फलक मोठा नाही, त्यामुळे दाराच्या उजव्या-डाव्या दोन्ही बाजू नीट बघा. पुढे 1833 मध्ये बव्हेरियाचा राजपुत्र ऑटो राजा म्हणून याच बंदरात उतरला आणि 1834 मध्ये राजधानी अथेन्सला गेली. गाव पुढे वाढलं नाही म्हणूनच ते इतकं टिकलं.

सूर्यास्ताला बंदराकाठी या. समोर पाण्यात बुर्त्झी. 1473 मध्ये वेनेशियनांनी बांधलेला हा छोटा जलदुर्ग. तिथून गावापर्यंत साखळी ताणून बंदराचं तोंड बंद करता येत असे. एकोणिसाव्या शतकात पालामिडी या डोंगरावरच्या किल्ल्यातल्या कैद्यांना फाशी देणारा जल्लाद इथे राहायचा, कारण गावात त्याला कोणी शेजारी म्हणून नको होता. पुढे काही दशकं इथे हॉटेलही चाललं. धक्क्यावरून लहान बोटी तिकडे नेतात. आत सोडतात की नुसती प्रदक्षिणा, ते आधी विचारून मगच पैसे द्या. खरं सांगायचं तर बुर्त्झी काठावरूनच देखणा दिसतो.

दुसरा दिवस: पालामिडी आणि संग्रहालय

पालामिडी 216 मीटर उंचीवर आहे आणि गावातून पायऱ्यांनी वर जाता येतं. लोक त्या 999 सांगतात, हजारावी म्हणे सेनापती कोलोकोत्रोनिसच्या घोड्याने मोडली. मोजणाऱ्यांचा आकडा नऊशेच्या आसपास येतो. रायगड पायी चढलेल्याला हे काही नाही. पण रायगड आपण पहाटे सुरू करतो, तसंच इथेही करा. पायऱ्या डोंगराच्या गावाकडच्या, म्हणजे पश्चिम अंगाला आहेत, त्यामुळे सकाळी तिथे सावली असते. दहानंतर ऊन अंगावर येतं. दार उघडायच्या वेळेच्या अर्धा तास आधी पायथ्याशी असा, दोनदा बसत गेलात तरी वेळेत पोहोचाल. वाटेत पाणी मिळत नाही, माणशी एक लिटर न्या. पायऱ्यांचे दगड पावलांनी घासून गुळगुळीत झालेत. पाऊस पडून गेला असेल तर चढू नका. चपला नकोत, चांगल्या पकडीचे बूट घाला.

मागच्या बाजूने वरपर्यंत गाडीरस्ता आहे. ज्येष्ठांसाठी पुष्कळ जण 'टॅक्सीने वर, पायऱ्यांनी खाली' असा तोडगा काढतात. तो उलटा आहे. गुडघ्याला भार येतो तो उतरताना. त्यांना टॅक्सीने न्या आणि टॅक्सीनेच आणा, आणि तरुण मंडळींनी चढून जावं.

वर गेल्यावर हा एक किल्ला नसून आठ आहेत हे लक्षात येतं. एकाच तटाच्या आत प्रत्येक बुरुज आपापला वेगळा गड आहे. एक पडला तरी दुसरा लढत राहील, ही कल्पना. वेनेशियनांनी 1711 ते 1714 या तीनच वर्षांत एवढं बांधून काढलं आणि 1715 मध्ये तुर्कांनी ते घेतलंसुद्धा. बांधायला तीन वर्षं, टिकवायला एकही नाही! पुढे 1822 च्या नोव्हेंबरअखेर ग्रीक बंडखोरांचा नायक स्ताइकोस स्ताइकोपूलोसच्या माणसांनी अंधारात अकिलीज बुरुजाची तुलनेने बुटकी भिंत चढून किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी सेंट अँड्र्यूचा सण होता. त्याच संताच्या नावाचा बुरुज सगळ्यात नीट राखलेला आहे आणि आत छोटं चर्च आहे. आधी तिथेच जा, गाव आणि बंदर तिथूनच सगळ्यात छान दिसतं. मग मिल्तिआदिस बुरुज, जिथे तुरुंग होता. कोलोकोत्रोनिसला राजा ऑटोच्या काळात राजद्रोहाच्या आरोपावरून कैद झाली होती, त्याची म्हणून एक कोठडी दाखवतात. आत वाकून शिरावं लागतं. त्यानंतर फुरसत असेल तर मागच्या बुरुजांकडे भटका, तिकडे सहसा कोणी जात नाही. पाण्याची टाकी, जंग्या, दरवाज्यावरचा पंखवाला सिंह (सेंट मार्कचा, म्हणजे वेनिसची मुद्रा) हे सगळं गड बघायची सवय असलेल्या डोळ्याला आपोआप सापडतं. तटाला कठडे नाहीत, मुलांचा हात सोडू नका.

दोन तास पुरेत. खाली येऊन अंघोळ, जेवण आणि मग संग्रहालय. इथे वेळ कमी असेल तर थेट देंद्राच्या चिलखताकडे जा. 1960 मध्ये जवळच्या देंद्रा गावातल्या थडग्यात सापडलेलं हे संपूर्ण कांस्य चिलखत ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकातलं. गळ्याला उंच कॉलर, खांद्यावर वाकवलेले पत्रे आणि कमरेखाली एकावर एक येणारे पट्टे आहेत. कडांना ओळीने बारीक छिद्रं दिसतील. आतलं अस्तर तिथे शिवलेलं असे. शिरस्त्राण रानडुकराचे सुळे कापून, ओळीत लावून केलेलं. माणूस आत उभा असावा असं ते दिसतं. चित्रातलं बघून ही कल्पना येत नाही.

दुपार कलली की आर्व्हानितिआ. गावाच्या पश्चिम टोकाला वळसा घालून कड्याखालून समुद्राकाठी जाणारी पायवाट आहे, एका बाजूला निवडुंग आणि दुसऱ्या बाजूला निळं पाणी. ती आर्व्हानितिआच्या छोट्या किनाऱ्यावर निघते. दरड कोसळल्यामुळे वाट कधीकधी बंद असते. साखळी लावलेली दिसली तर ओलांडू नका, दुसऱ्या बाजूने रस्त्याने किनाऱ्यावर जाता येतं. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, पाण्यात जायला रबरी बूट असतील तर बरं. मुलांना वाळूच हवी असेल तर तीन-एक किलोमीटरवरचा काराथोना गाठा.

तिसरा दिवस: मायसीनी किंवा एपिडॉरस

दोन्ही एका दिवसात बसने जमवू नका. बसेस मोजक्या असतात, रविवारी त्याहून कमी, आणि दोन्ही ठिकाणी जायचं तर नाफ्प्लिओला परत येऊन दुसरी बस धरावी लागते. वेळापत्रक आदल्या संध्याकाळी स्थानकाच्या खिडकीवरच विचारा आणि परतीच्या बसचा फोटो काढून ठेवा. टॅक्सी किंवा गाडी असेल तरच दोन्ही होईल: सकाळी मायसीनी, परतताना तिरिन्स, दुपारनंतर एपिडॉरस.

एकच निवडायचं तर? इतिहासाची ओढ असेल तर मायसीनी. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर एपिडॉरस, कारण तिथे झाडं आहेत, चढ कमी आहे आणि जे बघायचं ते समजून घ्यायला फार पाठ करावं लागत नाही.

मायसीनी साधारण पाऊण तासावर, उघड्या टेकडीवर. ख्रिस्तपूर्व 1250 च्या सुमाराचा सिंहद्वार, आत हाइनरिश श्लीमनने 1876 मध्ये उकरलेली थडगी. तिथलं सोनं आणि अगामेम्नॉन राजाचा म्हणतात तो प्रसिद्ध मुखवटा मात्र अथेन्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तू संग्रहालयात आहे. म्हणून अथेन्समध्ये ते संग्रहालय आधी बघितलं असेल तर इथले खड्डे बोलायला लागतात. तिकीट फेकू नका: अत्रेयसचा खजिना म्हणतात ते प्रचंड घुमटाकार थडगं रस्त्याने थोडं खाली, वेगळ्या दारात आहे आणि तेच तिकीट तिथे चालतं. त्याच्या दारावरची एकच शिळा शंभर टनांहून जड आहे. आत जाऊन टाळी वाजवून बघा. दुसरी खबरदारी बसची: अथेन्स-आर्गोस मार्गावरच्या बसेस फिख्ती गावात सोडतात, तिथून अवशेष तीन-चार किलोमीटर चढावर. 'मिकिनेस, आर्हेआ' म्हणजे अवशेषांपर्यंत जाणारी बस हवी असं स्पष्ट सांगा.

तिरिन्स नाफ्प्लिओपासून चारच किलोमीटर, आर्गोसच्या रस्त्याला लागून. आर्गोसच्या बसेस भरपूर असतात, चालकाला 'तिरिंथा' म्हटलं की उतरवतो. हत्तीएवढे दगड रचलेल्या या भिंती राक्षसांनी बांधल्या असं खुद्द जुन्या ग्रीकांना वाटायचं. पर्यटक फारसे थांबत नाहीत. एक तास मोकळा असेल तर जरूर जा.

एपिडॉरसला आस्क्लेपिअस या वैद्यदेवतेचं आरोग्यधाम होतं आणि त्याचं नाट्यगृह ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातलं आहे. 55 ओळी. मध्यभागी नाणं टाकलं की वरच्या ओळीत ऐकू येतं, असं सांगतात. स्वतः करून बघायचं तर दहाच्या आत जा, सहलीच्या बसेस आल्या की एकाच वेळी वीस जण नाणी टाकत असतात. नावाचा घोळ इथे हमखास होतो: समुद्राकाठी जुनं एपिडाव्रोस आणि नवं एपिडाव्रोस अशी दोन गावंही आहेत. तुम्हाला जायचंय ते लिगुरिओ गावाजवळच्या 'थिआत्रो'ला. जुलै-ऑगस्टमध्ये शुक्रवारी-शनिवारी रात्री इथे प्राचीन नाटकांचे प्रयोग होतात. तारखा जुळत असतील तर वर सांगितलेला वारांचा नियम खुशाल मोडा. भाषा कळत नसली तरी चालतं. बसायला उशी आणि मच्छरांसाठी मलम न्या.

प्रवेश तिकिटांचे दर अलीकडे वाढले आहेत. ते ग्रीक सरकारच्या ई-तिकीट संकेतस्थळावर बघून तिथेच काढावीत.

शाकाहारी माणसाने काय खायचं

भरपूर काही, फक्त मागायचं कसं ते ठाऊक हवं. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक वर्षातले बरेच दिवस उपास करतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध खात नाहीत. अशा उपासाच्या पदार्थांना 'नीस्तीसिमो' म्हणतात. 'व्हेजिटेरियन'पेक्षा हा शब्द खेड्यातल्या आजीलाही पटकन कळतो. एकच गोम आहे: त्यांच्या उपासाला कोळंबी, ऑक्टोपस चालतो. तेव्हा पुढे 'होरिस थालासिना', म्हणजे समुद्रातलं काही नको, एवढं जोडा. मांसासाठी 'होरिस क्रेआस' आणि कोंबडीसाठी वेगळं 'होरिस कोतोपुलो' म्हणा.

मेनूकार्डात 'लादेरा' हा विभाग शोधा, तेलात शिजवलेल्या भाज्यांचा. ब्रिआम म्हणजे बटाटा, वांगं, झुकिनीची भाजलेली मिसळ. येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. कधीकधी भातात खिमा असतो, विचारून घ्या. गीगांदेस म्हणजे टोमॅटोत शिजलेले मोठे पांढरे वाल, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण. वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल, लिंबू पिळलं की वरण-भाताची आठवण काढणारं माणूस गप्प होतं. सकाळी बेकरीत पिता (सारण भरलेली पेस्ट्री) मिळते: स्पानाकोपिता (पालकाची) नाहीतर तीरोपिता (चीजची) घ्या आणि बाकावर बसून खा. अंडं न खाणाऱ्यांनी पिता घेताना विचारावं, सारणात अंडं बऱ्याचदा असतं. मासे खाणाऱ्यांनी ताज्या माशाचा भाव किलोवर असतो हे लक्षात ठेवून आधी वजन करून घ्यावं.

जेवणाची वेळ रात्री नऊ. सातला गेलात तर खानावळ रिकामी आणि स्वयंपाकी कंटाळलेला. मुलांना भूक लागत असेल तर सहाला काहीतरी खायला घाला. पाव न मागता टेबलावर येतो आणि त्याचे पैसे लागतात. नको असेल तर लगेच परत करा, कोणाला राग येत नाही. पिणाऱ्यांसाठी: शेजारच्या नेमेआची लाल वाइन, द्राक्षाचं नाव आयोर्यितिको. बाटली नको, घरची सुटी मागवा.

किरकोळ, पण अडवणारं

कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. नळ अरुंद असतात, तुंबतात. पाण्याचा फवारा मिळेल या भ्रमात राहू नका, रिकामी बाटली जवळ ठेवा.

प्लग गोल दोन पिनांचे. मोबाइलचे बारीक पिनांचे चार्जर बसतात, आपल्या तीन पिनांच्या जाड प्लगला अडॅप्टर लागतो. कार्ड सगळीकडे चालतं, तरी टॅक्सी आणि बोटीसाठी सुटे युरो असू द्या. दुपारी दोन-तीननंतर स्थानिक दुकानं बंद होतात आणि काही वारी संध्याकाळी उघडतच नाहीत. औषधं सकाळीच घ्या. औषधाच्या दुकानावर हिरवा फुलीचा दिवा असतो. आणीबाणीला 112.

परतीचं: विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र नाफ्प्लिओत काढू नका, आदल्या संध्याकाळी अथेन्स गाठा. दुपारचं किंवा रात्रीचं असेल तर उड्डाणाच्या किमान सात तास आधी नाफ्प्लिओहून सुटणारी बस धरा: अडीच तास बस, किफिसोसवर एक्स 93 ची वाट, तास-दीड तास विमानतळापर्यंत आणि पुढे तीन तास चेक-इन आणि तपासणीला. रविवारी संध्याकाळी यात आणखी एक तास घाला, कारण सगळं अथेन्स त्याच रस्त्याने घरी निघालेलं असतं.